वार्धक्य आणि शस्त्र

नव्वदीच्या घरांत पोंचलेल्या आजोबांना चार महिने अन्न जात नाहीं, देह दिवसेंदिवस झिजत चालला आहे, आणि एके दिवशीं डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगतात कीं, जठरांत कर्करोगाची गांठ आहे. घरांत लागलीच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, या वयांत आतां चिरफाड कशाला ? दुसरा म्हणतो, उपाय असतां हात बांधून बसावें तरी कसें ? दोन्ही पक्षांची माया सारखीच असते, आणि दोन्ही पक्षांपाशीं पुरावाही सारखाच अपुरा असतो. असा प्रसंग आज अनेक सुशिक्षित कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु तो किती नवा आहे याची जाणीव मात्र थोड्यांसच असते.

दीडशें वर्षांपूर्वीं हा प्रश्न कोणासही पडणें शक्य नव्हतें. तो पडण्यास तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. जठर कापूनही मनुष्य जगूं शकतो हें सिद्ध व्हावें लागलें. जिवंत माणसाच्या जठरांत काय आहे हें डोळ्यांनीं पाहण्याची सोय व्हावी लागली. आणि नव्वदी गांठणारीं माणसें विरळा न राहतां घरोघर दिसूं लागावीं लागलीं. या तिन्ही गोष्टींचा इतिहास थोडक्यांत सांगून, त्या ओघांत वयाविषयींची वैद्यांची समजूत कशी पालटत गेली, आणि ती पालटल्यावर मूळचा प्रश्न सुटला कीं अधिकच कठीण झाला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

जठराचा कर्करोग हा कांहीं नवा रोग नव्हे. नेपोलियन बोनापार्ट ५ मे १८२१ रोजीं सेंट हेलेना बेटावर वयाच्या ५१ व्या वर्षीं वारला. त्याचा पिता १७८५ सालीं पोटांतील अशाच गांठीनें गेला होता, आणि तोच रोग आपल्यासही जडला असावा अशी शंका नेपोलियनच्या मनांत घर करून होती. मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीं शवविच्छेदन झालें, तेव्हां जठरांत व्रण व त्याच्या भोंवतीं कठीण झालेला भाग आढळला. ज्याच्या शब्दासरशीं युरोपचे नकाशे बदलत, त्याच्या पोटांत काय चाललें आहे हें तो जिवंत असेतों त्याच्या वैद्यांना निश्चित कळलें नाहीं. आणि कळलें असतें तरी त्यांच्या हातीं करण्यासारखें कांहींच नव्हतें. पोट ही तेव्हां बंद पेटी होती. ती उघडली कीं वेदनेनें नाहींतर पू होऊन रोगी जावयाचा, हा अनुभव ठरलेला होता.

तरीही कल्पना अगदींच सुचली नव्हती असें नाहीं. १८१० सालीं मेरेम नांवाच्या एका जर्मन वैद्यानें कुत्र्यांच्या जठराचें खालचें द्वार कापून काढण्याचे प्रयोग केले होते. परंतु हा प्रयोग माणसावर करावयाचा तर आधीं दोन शत्रु जिंकणें अवश्य होतें. पहिला शत्रु वेदना. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बॉस्टन येथें मॉर्टननें ईथरची भूल जाहीरपणें देऊन दाखविली, आणि पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. दुसरा शत्रु जखमेंतील सडा. १८६७ सालीं लिस्टरनें कार्बोलिक अॅसिडाची जंतुघ्न पद्धति प्रसिद्ध केली, तेव्हां त्यासही उपाय सांपडला. हे दोन शत्रु हटले तशी पोटाची पेटी उघडण्याची हिंमत शस्त्रवैद्यांना येऊं लागली.

पहिला धाडसी पुरुष पॅरिसचा झ्यूल पेआं. त्यानें ९ एप्रिल १८७९ रोजीं कर्करोगानें बुजलेला जठराचा भाग कापून काढला. रोगी पांचव्या दिवशीं वारला. दुसरा पोलंडचा लुडविक रिडिगिएर. त्यानें १६ नोव्हेंबर १८८० रोजीं हीच शस्त्रक्रिया केली. त्याचा रोगी बारा तासही जगला नाहीं. यानंतर अडीच महिन्यांच्या आंत, २९ जानेवारी १८८१ रोजीं, व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथनें सुरी हातीं घेतली, आणि इतिहासांत यश त्याच्या पदरीं पडलें.

बिलरोथ हा मोठा रसिक पुरुष होता. प्रसिद्ध संगीतकार ब्राम्स त्याचा जिवलग मित्र. ब्राम्सच्या नव्या रचना पुष्कळदां प्रथम बिलरोथच्या घरीं वाजविल्या जात. परंतु येथें सांगावयाचा त्याचा गुण निराळा आहे. झुरिच येथें प्राध्यापक असतांना १८६० ते १८६७ या काळांत आपण कोणते रोगी हाताळले, त्यांतील किती बरे झाले आणि किती मेले, याचा सगळा जमाखर्च त्यानें छापून जगापुढें ठेवला होता. शस्त्रवैद्यानें आपलीं यशें मिरवावीं आणि अपयशें स्मशानांत पुरावीं, अशी वहिवाट असलेल्या काळांत ही गोष्ट सामान्य नव्हती. जठराच्या शस्त्रक्रियेची तयारीही त्यानें अशाच हिशेबीपणानें केली. त्याच्या गुसेनबाउअर व विनिवार्टर या साहाय्यकांनीं कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि व्हिएन्नाच्या शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदी चाळून असें दाखवून दिलें कीं, जठरद्वाराच्या कर्करोगानें मेलेल्या पुष्कळ रोग्यांत रोग अन्यत्र पसरलेलाच नव्हता. म्हणजे ती गांठ वेळीं काढतां आली असती तर हीं माणसें वांचण्याचा संभव होता. प्रेतांनीं दिलेल्या या साक्षीवर बिलरोथनें जिवंत माणसावर शस्त्र चालविण्याचा निर्णय घेतला.

त्याची रोगी टेरेसे हेलर ही ४३ वर्षांची स्त्री होती. अन्न पोटांत ठरत नसे, उलट्यांनीं ती अस्थिपंजर झाली होती. भूल देऊन, कोमट पाण्यानें आधींच धुतलेलें जठर उघडून बिलरोथनें गांठ काढली आणि उरलेलें जठर लहान आंतड्याच्या पहिल्या भागास रेशमी टांक्यांनीं जोडलें. सुमारें दीड तासांत काम आटोपलें. बाई उठली, खाऊं लागली, घरीं गेली. आणि मे १८८१ मध्यें, म्हणजे सुमारें चार महिन्यांनीं, रोग अन्यत्र उद्भवून वारली. तिचें जठर व्हिएन्ना येथील वैद्यकीय संग्रहांत आजही जपून ठेवलेलें आहे. चार महिन्यांचें आयुष्य हें यश म्हणावें काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. तो अस्थानीं नाहीं. किंबहुना साऱ्या लेखाचा विषय तोच आहे. बिलरोथच्या दृष्टीनें जें सिद्ध झालें तें इतकेंच कीं, जठर कापून जोडतां येतें आणि जोडलेलें जठर अन्न पचवूं शकतें. त्याचे पुढचे दोन रोगी दगावले, आणि तेंही त्यानें लपविलें नाहीं.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत बिलरोथचा साहाय्यक व्योल्फ्लर यानें एका रोग्याचें पोट उघडलें असतां गांठ काढण्याजोगी नाहीं असें आढळलें. पोट तसेंच शिवून टाकण्याच्या बेतांत तो होता. तेवढ्यांत जवळ उभा असलेला सहकारी निकोलाडोनी यानें सुचविलें कीं, गांठ राहूं द्यावी, पण जठर आणि खालचें आंतडें एकमेकांस जोडून अन्नाला बगल देणारी वाट करून द्यावी. व्योल्फ्लरनें तसें केलें. रोग गेला नाहीं, पण रोग्याला खातां येऊं लागलें. अशा रीतीनें एकाच वर्षांत दोन मार्ग निघाले : एक रोग उपटून काढण्याचा, दुसरा रोगाशीं तह करून रोग्यास सुख देण्याचा. वृद्धांच्या बाबतींत या दुसऱ्या मार्गाचें महत्त्व किती, हें पुढें दिसेल.

यानंतर धाडस वाढत गेलें. ६ सप्टेंबर १८९७ रोजीं झुरिचच्या कार्ल श्लाटरनें ५६ वर्षांच्या आना लांडिस या स्त्रीचें संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आंतड्यास जोडली. ती सुमारें चौदा महिने जगली. जठरावांचून माणूस जगतो हें ऐकून तेव्हां जग थक्क झालें. पुढच्याच वर्षीं सान फ्रान्सिस्को येथें ब्रिगॅमनें ६६ वर्षांच्या स्त्रीवर तीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. ४३, ५६, ६६ : वयाचा आंकडा असा चढत गेला. परंतु यावरून शस्त्रवैद्यांना वयाचें भय वाटेनासें झालें, असें मात्र कोणी समजूं नये.

तें भय फार जुनें आहे. आपल्या सुश्रुतानें सत्तरीपुढील मनुष्यास वृद्ध म्हटलें, आणि दाह, क्षार व रेच हे तीव्र उपाय बालक व वृद्ध यांच्यावर करूं नयेत असा निर्बंध घातला. आधुनिक शस्त्रवैद्यांची मर्यादा तर याहूनही खालीं होती. न्यू ऑर्लीन्सचे विख्यात शस्त्रवैद्य आल्टन ऑक्स्नर यांनीं १९६७ सालीं लिहिलेली एक आठवण या संबंधांत मननीय आहे. १९२७ मध्यें आपण तरुण प्राध्यापक असतांना, पन्नाशी उलटलेल्या माणसाचा साधा अंतर्गळसुद्धां तांतडीचें कारण नसतां कापणें समर्थनीय नाहीं, असें आपण शिकवीत होतों व तसेंच वागत होतों, असें त्यांनीं नमूद केलें आहे. पन्नाशी ! ज्या वयांत आज मनुष्य मुलांच्या लग्नाच्या विवंचनेंत असतो, त्या वयांत शस्त्रवैद्यांच्या लेखीं तो शस्त्रापलीकडे गेलेला असे. याला कारण क्रौर्य नव्हे, अनुभव होता. क्लोरोफॉर्म हृदयास घातक ठरे, गेलेलें रक्त भरून काढण्याची सोय तुटपुंजी होती, आणि शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यास न्यूमोनिया गांठी आणि घेऊन जाई.

ही मर्यादा कोणा एका शोधानें ढळली नाहीं. लांडस्टाइनरनें १९०१ सालीं रक्ताचे गट दाखवून दिले आणि रक्त देणें सुरक्षित झालें. पेनिसिलिन आलें. १९४२ सालीं माँट्रियलच्या ग्रिफिथनें शस्त्रक्रियेंत क्युरारेचा उपयोग करून स्नायु सैल करण्याची युक्ति काढली. त्यामुळें थोड्या भुलीवर काम भागूं लागलें. १९५२ च्या पोलिओच्या सांथीनंतर कोपनहेगन येथें अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. आणि १९०९ सालीं, मूळचा व्हिएन्नाचा पण न्यूयॉर्कमध्यें वैद्यकी करणारा नाशर यानें, बालरोगांप्रमाणेंच वृद्धांच्या रोगांचेंही स्वतंत्र शास्त्र असलें पाहिजे असें प्रतिपादून त्याला नांव दिलें. वार्धक्य हा रोग नव्हे, ती देहाची एक निराळी अवस्था आहे, हा त्याचा सिद्धांत. इतक्या हातांनीं मिळून वयाची भिंत हळूहळू खालीं आणली.

या इतिहासाचें पुढचें केंद्र युरोपांत नसून जपानांत आहे, आणि तेथें तो पोंचला तोही गुरुपरंपरेनेंच. बिलरोथचा शिष्य मिकुलिच. मिकुलिचच्या ब्रेस्लाउ येथील विद्यालयांत शिकून गेलेला मियाके हायारी हा जपानांतील आधुनिक शस्त्रविद्येचा एक अध्वर्यु. जपानांत जठराचा कर्करोग फार. शिवाय तेथील लोक दीर्घायुषी. शंभरी उलटलेलीं माणसें तेथें १९६३ सालीं अवघीं १५३ होतीं; २०२२ सालीं तीं ९०,००० च्या वर गेलीं. रोग आणि आयुष्य हीं दोन्ही जेथें इतकीं विपुल, तेथें अतिवृद्धांच्या जठरावरील शस्त्रक्रियेचा प्रश्न प्रथम ऐरणीवर यावा हें स्वाभाविकच होतें.

जपानी वैद्यांनीं प्रथम रोग लवकर पाहण्याचा मार्ग शोधला. जठरांत पाहण्याची नळी मिकुलिचनें १८८१ मध्यें तयार केली होती, पण ती ताठ आणि रोग्यास असह्य होती. १९५० सालीं उजी तात्सुरो या तरुण वैद्यानें ऑलिंपस कंपनीच्या तंत्रज्ञांच्या साहाय्यानें गिळतां येईल असा चिमुकला कॅमेरा बनविला. १९६२ सालीं जपानी वैद्यांनीं 'प्रारंभिक कर्करोगा'ची व्याख्या ठरविली : जठराच्या आंतल्या दोन थरांपलीकडे न गेलेला तो प्रारंभिक. याच सुमारास क्ष-किरणांच्या गाड्या गांवोगांव फिरून निरोगी माणसांचींही जठरें तपासूं लागल्या. रोग अशा वेळीं सांपडला कीं बहुतेक रोगी बरे होत.

शस्त्रक्रियेंतही त्यांनीं पराकाष्ठेची कसोशी केली. जठराभोंवतींच्या लसिकाग्रंथि थराथरानें काढून टाकण्याची त्यांची पद्धति हॉलंडांत १९८९ ते १९९३ या काळांत कसोटीस लावण्यांत आली. ती शिकविण्यास जपानी शस्त्रवैद्य स्वतः तेथें गेला होता. तरीही मर्यादित शस्त्रक्रियेनंतर शेंकडा ४, आणि जपानी धर्तीच्या विस्तृत शस्त्रक्रियेनंतर शेंकडा १० रोगी रुग्णालयांतच दगावले. पंधरा वर्षांनंतरच्या हिशेबांत मात्र विस्तृत शस्त्रक्रिया झालेल्यांत कर्करोगानें मरणाऱ्यांचें प्रमाण कमी निघालें. म्हणजे जें पुढें लाभतें तें आधीं मोल घेतें. पंधरा वर्षांचें आयुष्य समोर असलेल्या माणसास हें मोल परवडेल. नव्वदीच्या माणसानें तें कोणत्या जमेंतून द्यावें? पुढें जपान्यांनींच याहूनही अधिक ग्रंथि काढून पाहिल्या, आणि २००८ सालीं प्रामाणिकपणें जाहीर केलें कीं, त्यापासून अधिक लाभ नाहीं. त्या कसोटींत ७५ वर्षांखालचेच रोगी घेतले होते, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वृद्धांना लागू करावयाचे नियम पुष्कळदां वृद्धांना वगळून ठरविलेले असतात.

१९९१ सालीं किटानो सेइगो यानें पोटावर लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साहाय्यानें जठराचा भाग काढला. जखम लहान, वेदना कमी, रोगी लवकर उठून बसतो. यामुळें वृद्धांच्या शस्त्रक्रियेस मोठीच चालना मिळाली. शतकाच्या अखेरीस तर प्रारंभिक कर्करोग पोट न उघडतांच, तोंडांतून घातलेल्या दुर्बिणीच्या टोंकाशीं असलेल्या सुरीनें सोलून काढतां येऊं लागला. आज जपान व कोरिया येथील रुग्णालयांतून पंचाऐंशी वर्षांपुढील, क्वचित् नव्वदीपुढील रोग्यांवरील शस्त्रक्रियांचे वृत्तांत प्रसिद्ध होत असतात, आणि त्यांतील बहुतेक रोगी शस्त्रक्रियेंतून सुखरूप पार पडतात असें दिसतें.

येथें वाचकानें क्षणभर थांबावें. हे वृत्तांत कोणाचे आहेत ? ज्यांना शस्त्रवैद्यांनीं पारखून निवडलें त्यांचे. जे नव्वदीचे वृद्ध पाहतांक्षणींच घरीं पाठविले गेले त्यांची गणती या आंकड्यांत नाहीं. शस्त्रक्रिया झालेले अधिक जगले आणि न झालेले कमी जगले, हें खरें; पण जे मुळांत अधिक धडधाकट होते त्यांच्यावरच शस्त्रक्रिया झाली होती, हेंही तितकेंच खरें. शिवाय टेबलावरून जिवंत उतरणें ही एक गोष्ट, आणि आपल्या पायांनीं घरीं जाऊन पूर्ववत् जगणें ही दुसरी. जठर गेलेल्यास थोडें थोडें अनेक वेळां खावें लागतें, वजन उतरतें, स्नायु झिजतात. सबंध जठर काढल्यास ब-१२ जीवनसत्त्व अंगीं लागत नाहीं. तें बाहेरून घ्यावें लागतें. तरुण हें सोसून सावरतो. म्हाताऱ्याचे झिजलेले स्नायु बहुधा परत येत नाहींत. शस्त्रक्रियेनंतर कांहीं वृद्धांस भ्रम होतो, घास श्वासनलिकेंत जाऊन न्यूमोनिया होतो. आणि जे यांतून वांचतात त्यांतील पुष्कळजण पुढें कर्करोगानें न जातां दुसऱ्याच व्याधीनें जातात.

म्हणून विचारी शस्त्रवैद्य आज दोन घड्याळें समोर ठेवतात : एक रोगाचें, दुसरें रोग्याचें. रोगाच्या घड्याळाविषयीं ओसाका येथील एक अभ्यास फार बोधप्रद आहे. प्रारंभिक कर्करोग असूनही ज्यांची शस्त्रक्रिया झाली नाहीं किंवा सहा महिन्यांहून अधिक लांबली, अशा ५६ रोग्यांपैकीं ३६ जणांचा रोग पुढें बळावला, २० जणांचा प्रारंभिकच राहिला. पांच वर्षांत रोग बळावण्याचा संभव शेंकडा ६३ ठरला. दुसरें घड्याळ आयुर्मानाचें. जपानांत नव्वदी गांठलेल्या पुरुषास सरासरीनें आणखी चार वर्षांहून थोडें अधिक, आणि स्त्रीस पांच वर्षांहून थोडें अधिक आयुष्य असतें. दोन्ही घड्याळें शेजारीं ठेवलीं कीं दिसतें, नव्वदीच्या हृदयविकारी माणसाच्या जठरांतील प्रारंभिक गांठ त्याच्या आधीं त्याला नेईलच असें नाहीं. उलट गांठीनें वाट अडवून ज्याचें अन्नच बंद केलें आहे, किंवा जिच्यांतून रक्त वाहत आहे, त्याला वाट पाहण्यास सवडच नसते. तेथें व्योल्फ्लरची बगल देणारी जोडणी, अथवा केवळ खालचा भाग काढून केलेली आटोपशीर शस्त्रक्रिया, हीच शहाणपणाची ठरते. माणूस किती वर्षांचा यापेक्षां तो किती भराभर चालतो, मूठ किती घट्ट आवळतो, गेल्या वर्षांत त्याचें वजन किती उतरलें, यावरून आज वार्धक्य मोजलें जातें. पंचांगांतील वय मागें पडून देहाचें वय पुढें आलें आहे.

परंतु देह मोजून झाला तरी प्रश्न संपत नाहीं. तो कोणी सोडवावयाचा हें उरतेंच. येथें जपानच्याच इतिहासांतील एक प्रकरण सांगितलें पाहिजे. सप्टेंबर १९८७ मध्यें ८६ वर्षांच्या सम्राट हिरोहितो यांना उलट्या होऊं लागल्या. जपानी सम्राटाच्या देहास त्यापूर्वीं शस्त्रवैद्याची सुरी कधीं लागली नव्हती. ती लावावी किंवा नाहीं याचा राजवाड्यांत मोठा खल झाला. अखेर २२ सप्टेंबर रोजीं तोक्यो विद्यापीठाचे मोरिओका यासुहिको यांनीं शस्त्रक्रिया केली. त्यांनीं गांठ काढली नाहीं. अडलेल्या भागास वळसा घालून अन्नाला आंतड्यांत नवी वाट करून दिली. व्हिएन्ना येथें १८८१ सालीं जी युक्ति निघाली, तिचेंच हें सुधारलेलें रूप. सम्राट सावरले आणि कामकाजही पाहूं लागले. रोग कर्करोगाचा आहे हें वैद्यांना कळलेलें होतें. पण प्रजेस सांगण्यांत आला तो स्वादुपिंडाचा जुनाट दाह, आणि सम्राटांनाही खरें नांव कळूं दिलें नाहीं. १९ सप्टेंबर १९८८ रोजीं त्यांना रक्ताची उलटी झाली. त्यानंतर १११ दिवस त्यांना रक्त देणें चालू राहिलें. तें एकंदर तीस लिटरांहून अधिक भरलें. ७ जानेवारी १९८९ रोजीं ते वारल्यावर, लहान आंतड्याच्या पहिल्या भागाचा कर्करोग होता असें जाहीर झालें.

या हकीकतींत शस्त्रविद्येचें यश आहे, यांत शंका नाहीं : ८६ वर्षांच्या वृद्धास एक वर्ष बऱ्यापैकीं प्रकृतीचें मिळालें. पण शेवटच्या १११ दिवसांत त्यांना काय हवें होतें, हें त्यांना विचारतांच येण्याजोगें नव्हतें. कारण विचारावयाचें तर आधीं सांगावें लागलें असतें. सम्राटाची ही कथा आपल्याकडील मध्यम स्थितींतील घरांहून निराळी आहे काय ? 'बाबांना सांगूं नका, ते खचतील' हें वाक्य कोणत्या रुग्णालयाच्या ओटीवर ऐकूं येत नाहीं ? हेतु प्रेमाचाच असतो. पण त्या प्रेमानें ज्याचा देह त्याचाच शब्द काढून घेतला जातो.

याच्या उलट दोन प्रसिद्ध उदाहरणें आहेत. व्याधि महारोहिणीची असली तरी प्रश्न तोच. एप्रिल १९५५ मध्यें ७६ वर्षांच्या आइन्स्टाइन यांची पोटांतील महारोहिणी फुटूं लागली, तेव्हां त्यांनीं शस्त्रक्रिया शांतपणें नाकारली आणि १८ एप्रिल रोजीं देह ठेवला. दुसरें उदाहरण मायकेल डीबेकी यांचें. पन्नाशीपुढें सुरी नको म्हणणाऱ्या ऑक्स्नरचेच हे शिष्य. फुटत्या महारोहिणीवरील शस्त्रक्रिया त्यांनीं स्वतः प्रचारांत आणली, आणि वयाच्या ९७ व्या वर्षीं तोच विकार त्यांना जडला. त्यांनीं शस्त्रक्रिया नको म्हटलें होतें. शुद्ध हरपल्यावर पत्नीनें व शिष्यांनीं आग्रह धरला, भूल देणारे डॉक्टर तयार होईनात, रुग्णालयाची नीतिसमिति रात्रीं बसली. अखेर फेब्रुवारी २००६ मध्यें शस्त्रक्रिया झाली. कित्येक महिने रुग्णालयांत काढून ते बरे झाले, आपल्यावर शस्त्रक्रिया केली हें बरें केलें असें म्हणाले, आणि जुलै २००८ मध्यें शंभरीस दोन महिने उरले असतां वारले. एकानें नाकारलें आणि तो समाधानानें गेला. दुसऱ्यानें नाकारलें, इतरांनीं मानलें नाहीं, आणि तोही समाधान पावला. यावरून सरसकट नियम काढूं पाहणारा फसेल. इतकें मात्र निश्चित कीं, दोघांनाही आपल्या रोगाचें नांव ठाऊक होतें आणि दोघांनीं आपलें मत बोलून दाखविलें होतें.

आपल्या देशांत हा रोग मिझोराममध्यें फार, महाराष्ट्रांत त्यामानानें कमी. परंतु जपानसारखी सार्वत्रिक तपासणी नसल्यामुळें तो बहुधा उशिरां उघडकीस येतो. मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, त्या वेळीं नव्वदीचा रोगी दाराशीं येणें हा अपवाद असे; यापुढें तो राहणार नाहीं. अशा वेळीं घरच्यांनीं शस्त्रवैद्यास केवळ 'वांचतील ना ?' एवढेंच विचारून थांबूं नये. परत घरीं येतील काय, आपल्या पायांनीं चालतील काय, जेवणाचें सुख उरेल काय, आणि कांहींच न केल्यास पुढचे महिने कसे जातील, हेंही विचारावें. हे प्रश्न विचारणें म्हणजे मायेची कमतरता नव्हे.

सुश्रुतानें मूतखड्याच्या शस्त्रकर्माविषयीं लिहितांना एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. शस्त्र न चालविल्यास रोगी जाणार हें ठरलेलें आणि चालविल्यास यश संशयित, अशा प्रसंगीं वैद्यानें राजाची अनुज्ञा घेऊन मगच हात घालावा, असा त्याचा अभिप्राय आहे. यश कोणाच्याच हातचें नाहीं, म्हणून अनुज्ञा आधीं हवी, हें तत्त्व त्यानें जाणलें होतें. आज राजे उरले नाहींत. ज्याच्या देहावर शस्त्र चालावयाचें तोच त्या देहाचा राजा. बिलरोथपासूनच्या दीडशें वर्षांनीं शस्त्रवैद्यास नव्वदीच्या देहापर्यंत पोंचण्याची वाट करून दिली. त्या वाटेच्या तोंडाशीं थांबून, आजोबांच्या खाटेजवळ बसून, रोगाचें खरें नांव सांगून, 'तुमच्या मनांत काय आहे ?' असें विचारण्याचें काम मात्र कोणत्याही दुर्बिणीनें आपल्यावरचें काढून घेतलेलें नाहीं. तें घरच्या माणसांनींच, आणि आजोबांना उत्तर देतां येत आहे तोंवरच, केलें पाहिजे.